फसवा 'इन'

मुलांचा अभ्यास घेताना आपण सांगतो, 'करेक्ट' म्हणजे बरोबर, 'इनकरेक्ट' म्हणजे चूक. मागे 'इन' लागला की अर्थ उलटा! पण मैत्रिणींनो, हाच नियम कपाटातल्या बाटलीला लावलात तर मात्र घात होईल.

'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारे. मग 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे? छे! दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे. इथला 'इन' नकाराचा नव्हेच. 'पेटवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाबरोबरच तो आला आहे. लोकांची अशी फसगत होऊ नये म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकातच 'फ्लेमेबल' हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे पेट्रोलच्या टँकरवर अजूनही 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले दिसते.

खरोखर न पेटणाऱ्या वस्तूसाठी शब्द आहे 'नॉन-फ्लेमेबल'.

तेव्हा नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, स्पिरिट, सेंटचा स्प्रे यांवर पहिल्या दोहोंपैकी कुठलाही शब्द दिसला, तरी बाटली शेगडीपासून आणि देवापुढच्या निरांजनापासून लांबच ठेवा. आणि हो, आज मुले अभ्यासाला बसली की ही जोडी त्यांनाही आठवणीने सांगा!