टायर फुटणे ही देवाची करणी नव्हे

आपल्या भैंसा परिसरात अपघातातील जखमींना रुग्णालयात आणणाऱ्या मंडळींना कारण विचारले, की बहुधा एक ठरलेले उत्तर मिळते, "टायर फुटलं, साहेब." या उत्तरानंतर पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. वीज पडावी तसे टायर फुटते आणि त्यापुढे माणसाचा इलाज नाही, अशी सर्वांची समजूत असते. आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी तरी या उत्तरावर समाधान मानू नये. मृत्यूच्या दाखल्यावर केवळ 'हृदयक्रिया बंद पडली' असे लिहिल्याने मृत्यूचे कारण कळत नाही. ती केवळ मृत्यूची रीत झाली. 'टायर फुटले' हे विधान त्याच जातीचे आहे.

स्मरणिकेतील आरोग्यविषयक लेखांच्या मांदियाळीत टायरवरील लेख पाहून वाचकांना नवल वाटेल. परंतु अत्यवस्थ रुग्णाला नांदेड, निजामाबाद वा हैदराबाद येथे हलविताना त्याचे प्राण जेवढे सलाईनवर अवलंबून असतात, तेवढेच गाडीच्या चार चाकांवरही असतात. प्रत्येक चाक जमिनीला टेकते ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेत.

या विषयावर न्यायालयाचेही मत उपलब्ध आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागील चाक फुटले, गाडी खोलगट भागात कोसळली आणि आतील 38 वर्षांचे गृहस्थ दगावले. न्यायाधिकरणाने 2016 साली त्यांच्या कुटुंबीयांना सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. टायर फुटणे ही 'ईश्वरी करणी' आहे, असा बचाव करीत विमा कंपनी अपिलात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 साली तो फेटाळला. अतिवेग, कमी हवा, जादा हवा, जुने टायर आणि तापमान ही टायर फुटण्याची कारणे असून प्रवासाला निघण्यापूर्वी टायर तपासणे हे माणसाचे काम आहे, हा त्या निर्णयाचा आशय होय.

रोगाचे मूळ

टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा उष्णता असते. उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून टायरमध्ये चार-पाच पौंड हवा कमीच ठेवावी, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतात व पुन्हा सरळ होतात. तार वारंवार वाकवली असता जशी तापते, तसे हे रबर आतून तापते. तापलेले रबर आतील धाग्यांपासून व पोलादी तारांपासून सुटू लागते आणि शेवटी टायर फाटते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो, डांबरी रस्ता त्याहून अधिक तापतो. त्यात भरधाव वेग आणि जादा भार यांची भर पडली, की रोग पूर्ण बळावतो.

तापमान पाच-सहा अंशांनी वाढले, की हवेचा दाब सुमारे एक पौंड वाढतो. ही वाढ टायर बनविताना गृहीत धरलेली असते. म्हणून वाटेत तापलेल्या टायरमधील हवा काढू नये. जाता जाता नायट्रोजनविषयीही सांगतो. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. तो भरल्याने तोटा नाही. मात्र तो भरला म्हणून दाब तपासणे टाळता येत नाही.

प्रश्न, दर्शन, स्पर्शन

आयुर्वेदाने सांगितलेली ही त्रिविध परीक्षा टायरलाही लागू पडते.

प्रश्न : प्रथम वय विचारावे. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार अंक कोरलेले असतात. 2319 असे असल्यास ते टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाले. नवे टायर विकत घेतानाही हे अंक पाहावेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांपुढे टायर वापरू नये. मग ते कितीही चांगले दिसो. त्यानंतर भार विचारावा. 185/65 आर 15 88 एच या अक्षरांतील 88 हा अंक सांगतो, की त्या टायरने जास्तीत जास्त 560 किलो भार पेलावा.

दर्शन : नक्षीच्या खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे केवळ 1.6 मिलिमीटर खोली उरली. मोटारीसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. पावसाळ्यात चाकाखालचे पाणी या खाचांतूनच बाहेर निघते. खाच नसेल तर चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक निरुपयोगी ठरतो. काळ्या मातीच्या शेतांतून आलेल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल आणला असेल, तर पहिल्या पावसातही गुळगुळीत टायर दगा देते.

झीज कोठे झाली, त्यावरून निदान होते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते. मधला पट्टा झिजला असेल तर जादा. एकच कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडलेली आहे. मधूनमधून खोलगट झीज दिसल्यास शॉक अब्सॉर्बर वा बॅलन्सिंग पाहावे. बाजूच्या भिंतीवर फुगा दिसला, तर आतील धागे तुटलेले आहेत. यावर औषध नाही, टायर बदलावे. पंक्चर नक्षीच्या भागातील असेल तरच काढून घ्यावे, बाजूच्या भिंतीवरील नव्हे.

स्पर्शन : खाचांवरून तळहात फिरवावा, अडकलेला खडा, खिळा, करवतीसारखी झालेली नक्षी हाताला कळते. लॉरीचे क्लीनर टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकतात. पूर्ण बसलेले टायर त्याने उमगते, थोडी कमी झालेली हवा उमगत नाही. कपाळावर हात ठेवून ताप कळतो, तरी आपण थर्मामीटर लावतोच. तसेच दाबमापकाने, गाडी किमान तीन तास उभी असताना, महिन्यातून एकदा हवा मोजावी. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या चौकटीवर लिहिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरावयाचा नसतो.

आपल्या गाड्यांचे विशेष

डॉक्टरांच्या मोटारी घर आणि दवाखाना एवढ्याच चालतात. रुग्णवाहिका दिवसचे दिवस उभ्या असतात. त्यामुळे नक्षी नव्यासारखी आणि रबर मात्र म्हातारे, अशी स्थिती होते. भिंतीवरील बारीक भेगा ही त्याची खूण. अशी गाडी एखाद्या रात्री अचानक भरल्या भारानिशी निर्मल वा भोकरच्या रस्त्याला वेगाने निघते, तेव्हा खरी कसोटी लागते. म्हणून रुग्णवाहिकेत प्राणवायूचा सिलिंडर तपासताना स्टेपनीची हवा, जॅक व पाना हेही तपासावेत. चाक बदलल्यावर नट समोरासमोरचे क्रमाने आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर पुन्हा पाहावेत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची-मागची चाके आलटून पालटून लावावीत.

हवेच्या टायरचे पेटंट 1845 साली रॉबर्ट थॉमसन यांनी घेतले होते, पण ते मागे पडले. 1888 साली ते पुन्हा घडवून प्रचारात आणणारे जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधील पशुवैद्य होते. मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. तेव्हा हा विषय आपल्या व्यवसायाला अगदीच परका नाही.

रुग्णाला आपण दर महिन्याला रक्तदाब मोजण्यास सांगतो. आपल्या गाडीचाही दाब मोजावा आणि चालकालाही ती सवय लावावी. दहा मिनिटांचे हे काम आहे. आणि यापुढे कोणी 'टायर फुटलं' असे सांगितले, तर 'कशामुळे?' हा प्रश्न आपण अवश्य विचारावा.