हौदावरचा फेस

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की पाचोऱ्याच्या आसपास मळ्यातल्या हौदाला किंवा गच्चीवरच्या टाकीला आतून पांढरा फेस चिकटलेला दिसतो. साबणाचा समजून तो धुऊन टाकू नका. त्यात झाडबेडकाची अंडी आहेत. मादी अंगातून सोडलेला द्रव मागच्या पायांनी रवीसारखा घुसळते, त्याचा फेस होतो. वरून तो वाळून पापुद्रा धरतो, आत ओल राहते. काही दिवसांत पिल्लं खालच्या पाण्यात टपटप पडतात.

मोरीत किंवा भिंतीवरच्या फोटोमागे चिकटून बसणारा, लांब पायांचा तपकिरी बेडूक तो हाच. शास्त्रीय नाव पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस. मोठा बेडूक पकडून आणू नये. पण टाकी धुवायचीच असेल तर ही पिल्लं सांभाळून मोठी करता येतात.

पसरट टब घ्या, त्यात विहिरीचं पाणी. नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवलेलं, कारण ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन पिल्लांना सोसत नाही. खायला उकडलेल्या पालकाचा चिमूटभर तुकडा. उरलेला त्याच दिवशी काढा, नाहीतर पाणी नासतं. दर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदला. एका टबात दहा-बारा पिल्लं पुष्कळ झाली.

पुढचे पाय फुटले की खरी काळजी सुरू होते. आता पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागलेलं असतं. चढायला जागा नसेल तर बेडकाचं पिल्लू पाण्यात बुडून मरतं! विटेचा तुकडा तिरका ठेवा, पाणी कमी करा आणि टबावर मच्छरदाणीचं कापड बांधा, कारण बोटांच्या चकत्यांनी ते उभ्या भिंतीवर सहज चढतं. शेपटी जिरेपर्यंत ते काही खात नाही, तिच्यावरच जगतं. घाबरून तोंडात काही कोंबू नका.

शेपटी गेली की हलणारंच भक्ष्य लागतं. भात, अंडं त्याच्या लेखी दगड. केळीच्या जिल्ह्यात हा प्रश्न सोपा: पिकून काळं पडलेलं केळं बरणीत उघडं ठेवा, दोन दिवसांत चिलटं जमतात. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. कपाशीतले किडे तर अजिबात नकोत, फवारणीचं विष त्यांच्यातून पोटात जातं. गिळताना त्याचे डोळे आत दबतात आणि घास खाली ढकलतात. एकदा तरी जवळून पाहावं.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीने शोषतो. म्हणून ओली पानं आणि बशीभर पाणी हवंच. हाताळायचंच झालं तर हात नुसत्या पाण्याने ओला करून. साबण, मीठ, मलम लागलेला हात नको. दिवसा ते पाय पोटाशी घेऊन निपचित बसतं. अंगावर पाय फिरवताना दिसलं तर ते कातडीतून सुटलेला स्निग्ध थर पसरवत असतं, त्यामुळे अंगातलं पाणी कमी उडतं. खिडकीतल्या उन्हात टब मात्र ठेवू नका. उघडीप पडली की खानदेशातलं ऊन आषाढातही भाजतं.

दोन-तीन आठवडे नीट खाल्लं की तिन्हीसांजेला सोडा. विहिरीत किंवा हिवरा नदीच्या पात्रात नको. फेस सापडला तिथेच, ओल्या पानावर ठेवा आणि मांजराला तेवढा वेळ घरात कोंडा.