बाळाचे कपडे : देखावा नको, सोय हवी

वस्तीत एखाद्या घरी पाळणा हलला की दुसऱ्या दिवसापासून कपड्यांचा ओघ सुरू होतो. मामा लाल साटीनचा फ्रॉक आणतो, मावशी जाळीचा झगा आणते, आत्या लोकरीचा स्वेटर-टोपीचा सेट घेऊन येते. भर मे महिना असतो. पत्र्याच्या खोलीत पंखा गरम वारा फेकत असतो. आणि पाहुणे येणार म्हणून बाळाच्या अंगावर एकावर एक तीन कपडे चढवलेले असतात. बाळ किरकिर करू लागले की कोणीतरी म्हणते, "नजर लागली." मग मीठ-मिरच्या उतरवल्या जातात. गळ्यापाशी टोचणारी नायलॉनची जाळी मात्र कोणी काढून बघत नाही.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. महिला मंडळाच्या कामासाठी बाळंतिणींच्या भेटीला नेहमी जाते. जे पाहते ते लिहिणार आहेच, पण आधी माझ्या स्वतःच्या घरची चूक सांगते.

माझा मुलगा जुलै 2009 मध्ये झाला. हिशेबाची सवय असल्यामुळे नवे कपडे घ्यायचे नाहीत, असे मी आधीच ठरवले होते. माझ्या नणंदेच्या मुलाची झबली, टोपडी, दुपटी पेटीत जपून ठेवलेली होती. पण सासूबाईंना ते मान्य नव्हते. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्या म्हणाल्या, "आमचं बालपण दुसऱ्याच्या उतरलेल्या कापडात गेलं. माझ्या नातवाच्या अंगाला पहिलं कापड नवंच लागलं पाहिजे."

आत्यांचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. शिळी भाकरी आणि उतरलेले कपडे हीच कामाची मजुरी, असे दिवस त्यांनी पाहिले होते. हे मला ठाऊक होते, पण तेव्हा मी ऐकले नाही. बाहेर पावसाची झड होती, धुतलेले वाळत नव्हते, म्हणून पेटीतले कपडे न धुता तसेच बाळाला घातले. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. वासाने काय होते, असे मला वाटले.

चौथ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले. पाचव्या दिवशी पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला आणि बाळ दूध ओढेना. रुग्णालयात नेल्यावर रक्त तपासले, निळ्या दिव्याखाली ठेवले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कपड्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या होत्या का?" मी होय म्हटले. त्यांनी समजावून सांगितले की काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एक द्रव्य जन्मतःच कमी असते. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळतो. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. पण अशा बाळाला नॅप्थलीनच्या, म्हणजे डांबराच्या, गोळ्यांचा वास लागला की तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ वाढते. ती फार वाढली तर मेंदूला आणि कानांना कायमची इजा होऊ शकते. आमच्या बाळाच्या रक्तात तो दोष निघाला.

आमचे बाळ वाचले. आज तो कॉलेजात जाण्याच्या वयाचा आहे. पण ते चार दिवस मी विसरलेले नाही. रुग्णालयाच्या बाकावर आत्या एकच वाक्य म्हणत होत्या, "सांगितलं होतं, जुनं घालू नका." तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "आजी, जुन्या कपड्याचा दोष नाही. धुतलेलं जुनं सुती कापड बाळाला सगळ्यात चांगलं. दोष त्या गोळीचा."

घरी आल्यावर आत्यांनी आपली पांढरी सुती साडी काढली. 2006 साली धम्मदीक्षेला 50 वर्षे झाली, तेव्हा नागपूरला जाण्यासाठी त्यांनी ती स्वतःच्या कमाईतून घेतली होती. तीन वर्षे धुऊन धुऊन ती मऊ झाली होती. त्यांनी ती टराटरा फाडली आणि लंगोट कातरायला बसल्या. मी थांबवायला गेले, तर म्हणाल्या, "हे कुणाचं उतरलेलं नाही, माझं आहे."

त्या दिवशी मला त्यांचे म्हणणे कळले. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना स्वच्छ राहायला सांगितले. जातीची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडायला सांगितले. आपल्या समाजात कपडा हा मानाचा प्रश्न आहे, तो असा. म्हणून बाळासाठी नवे घ्यावेसे वाटणे यात काही चुकीचे नाही. पण बाळाचा मान साटीनच्या चकाकीत आहे की कोरड्या, स्वच्छ, मऊ कपड्यात, याचा विचार आपण करायला हवा.

कापड कोणते घ्यावे

रोजच्या वापराला सुतीच कापड घ्यावे. मलमल, वायल किंवा सुती होजियरी उत्तम. ते घाम शोषते आणि हवा खेळू देते. पॉलिस्टर, नायलॉन, साटीन यांत घाम अंगावरच राहतो आणि घामोळे येते. शिवाय कृत्रिम धाग्याचे कापड ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. एकाच खोलीत चूल किंवा शेगडी आणि पाळणा असेल, तर हे विसरू नये.

रंग पांढरा किंवा फिका असावा. रंग उतरण्याची भीती नाही, आणि मुंगी, ढेकूण, रक्ताचा डाग, शीचा बदललेला रंग लगेच दिसतो. नव्या कापडाला खळ असते, म्हणून नवे कापडही एकदा धुतल्याशिवाय बाळाला घालू नये.

कपडा कसा असावा

झबले पुढून उघडणारे, बाजूला बंद बांधायचे असावे. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. डोक्यावरून ओढून घालायच्या कपड्यात बाळ रडते आणि नवी आई घाबरते. बंद कापडाचेच आणि आखूड असावेत. लांब नाडी गळ्याभोवती गुंडाळू शकते. टिचबटणे चालतात, पण ती ओढून पाहावीत. मोती, टिकल्या, घुंगरू, सुटी बटणे नकोत. मूल तीन-चार महिन्यांचे झाले की हाताला लागेल ते तोंडात घालते.

लंगोटाला सेफ्टी पिन लावू नये, गाठ मारावी. कमरेचे इलॅस्टिक काढल्यावर लाल वळ दिसत असेल तर ते घट्ट आहे असे समजावे. घरी शिवत असाल तर शिवणीची कड बाहेरच्या बाजूला घ्या. दिसायला उलटे दिसेल, पण कोवळ्या कातडीला टोचणार नाही. हातमोजे-पायमोजे उलटे करून आतले सुटे दोरे कातरून टाका. असा दोरा बोटाला गुंडाळला तर बोट सुजते, काळेनिळे पडते, आणि बाळ का रडते ते कोणाला कळत नाही.

काळा दोरा आणि काळे मणी याबद्दलही सांगते. दृष्टीवर आपला विश्वास नसला तरी शेजारच्या आजी हौसेने बांधतात. दोरा गळ्याला काचतो, मणी तुटून घशात अडकतो. आजींना प्रेमाने सांगून तो काढून ठेवावा.

किती घ्यावेत

जन्मावेळचे वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. म्हणजे आज अंगाला बरोबर बसणारा महागडा कपडा दोन महिन्यांत निकामी होतो. सहा ते आठ झबली, सहा दुपटी, दोन टोपडी, एक स्वेटर आणि पंचवीस-तीस लंगोट एवढे रोजच्याला पुरते. अंथरुणावर मेणकापड घालायचे असेल तर त्यावर सुती दुपटे हवेच.

तयार डायपरचाही हिशेब मांडते. एक नग 10 रुपयांचा धरला आणि दिवसाला पाच लागले, तर रोजचे 50 आणि महिन्याचे 1500 रुपये होतात. रोजंदारीवरच्या घराला हे जड आहे. खर्च वाचावा म्हणून मग एकच डायपर दहा-बारा तास ठेवला जातो आणि बाळाचे बूड सोलवटते. रात्री एक आणि प्रवासात एक, एवढेच वापरले तर खर्चही आटोक्यात राहतो आणि आईला झोपही मिळते.

लंगोटाचा आणखी एक फायदा आहे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत निदान सहा वेळा लंगोट ओला केला, तर दूध पुरते आहे याची ती चांगली खूण आहे. त्यापेक्षा कमी होत असेल तर नर्सबाईंना किंवा आशाताईंना दाखवावे. डायपरमध्ये ही मोजणी नीट होत नाही.

थंडी-गरमी ओळखावी कशी

बाळाचे हातपाय थोडे गार असतातच. त्यावरून अंदाज करू नये. छातीला किंवा पाठीला हात लावून पाहावे. तेथे घाम असेल तर कपडे जास्त झाले, गार लागले तर कमी झाले. आपल्या अंगावर जेवढे कपडे आहेत त्यापेक्षा बाळाला एक जास्त, हा साधा हिशेब. पण मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात झबले आणि लंगोट एवढे पुरे. घरात झोपलेल्या धडधाकट बाळाच्या डोक्यावर टोपी आणि तोंडापाशी जड गोधडी नको.

आंघोळीनंतर पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची पद्धत सोडावी. त्याने खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. दुपटे गुंडाळावे, पण पाय दुमडता आणि पसरता आले पाहिजेत. कमी वजनाचे बाळ असेल तर त्याला फक्त टोपडे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीशी धरायला डॉक्टर सांगतात. तिथे आईच्या अंगाची ऊबच कपड्याचे काम करते. हे बाबा आणि आजीलाही करता येते.

धुणे आणि वाळवणे

बाळाचे कपडे वेगळे धुवावेत. शी आधी पाण्याने काढावी, मग साबण लावावा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावे. राहिलेल्या साबणानेही पुरळ येते. उन्हात वाळवणे सर्वांत चांगले. पावसाळ्यात घरात वलणीवर टाकावे आणि घालण्याआधी इस्त्री फिरवावी. दमट लंगोट घालू नये. पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्याऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. दुसऱ्याकडून आलेल्या कपड्यांना तसा वास येत असेल तर ते तान्ह्या बाळाला घालूच नयेत. आणि बाळ दोन दिवसांच्या आत पिवळे दिसले, किंवा पिवळेपणा हातापायांपर्यंत उतरला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

नामकरणाच्या दिवशी हौस जरूर करावी. आत सुती झबले घालून वर तो जाळीचा झगा अर्धा तास घाला, फोटो काढा आणि उतरवून ठेवा. त्यासाठी कर्ज मात्र काढू नका. भेट द्यायचीच असेल तर सहा मऊ झबली आणि दोन डझन लंगोट द्या. बाळंतीण मनापासून दुवा देईल.

आमच्या महिला मंडळाने घरोघरच्या जुन्या सुती साड्यांचे लंगोट शिवून बाळंतिणींना द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा काही भगिनींनी तोंड वाकडे केले. त्यांना मी आत्यांची गोष्ट सांगते. आपल्याच आयाबहिणींच्या कमाईची साडी, स्वच्छ धुतलेली, आपल्याच हाताने शिवलेली. ती घेण्यात कमीपणा नाही. तुमच्या वस्तीतही असे करून पाहा.

जयभीम.