आल्प्सची गाडी, आपली आपण

मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे म्हणून महिना-दोन महिने तिकडे जाऊन येणारी बरीच मंडळी आता आपल्या ओळखीत असतात. मुले दिवसभर कामावर जातात. घरात दूरदर्शन लावावा तर भाषा कळत नाही. एखादा दिवस आपले आपण बाहेर पडावे असे फार वाटते, पण धीर होत नाही. चुकलो तर? भाषा अडली तर? परतीची गाडी गेली तर? आमच्या मुलीकडे झुरिकला गेलो तेव्हा आम्हा दोघांचेही असेच झाले होते. म्हणून आज मी एकाच दिवसाची, एकाच गाडीची आखणी सांगणार आहे.

ही गाडी स्वित्झर्लंडच्या पूर्व भागातल्या कूर या गावातून निघते, आल्प्स ओलांडते आणि इटलीतल्या तिरानो या गावी उतरते. रूळ मीटरगेज आहेत. कूरहून सेंट मॉरिट्झपर्यंतचा मार्ग १९०४ मध्ये पुरा झाला आणि तिथून तिरानोपर्यंतचा १९१० मध्ये. वाटेतल्या तूसिसपासून तिरानोपर्यंतच्या १२८ किलोमीटरमध्ये १९६ पूल आणि ५५ बोगदे आहेत. हा टप्पा २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्याच वर्षी आपली कालका-सिमला गाडीही त्या यादीत आली.

या मार्गाची खरी करामत चढणीत आहे. तिरानो समुद्रसपाटीपासून ४२९ मीटरवर आहे आणि घाटमाथ्यावरचे ओस्पित्सिओ बेर्निना हे स्थानक २२५३ मीटरवर. म्हणजे अवघ्या ३८ किलोमीटरमध्ये १८२४ मीटर चढायचे. आपले कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे, यावरून कल्पना करा. बोरघाटात जास्तीत जास्त चढ ३७ मीटरला एक मीटर आहे, नेरळ-माथेरानला वीस मीटरला एक, आणि इथे चौदा मीटरला एक. निलगिरीच्या गाडीला याहूनही तीव्र चढ आहे, पण तिथे रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकत वर चढते. बेर्निनाला अशी पट्टी नाही. साधे चाक आणि साधा रूळ. म्हणून चढ आवाक्यात ठेवण्यासाठी रूळ लांबवत, वळवत नेले आहेत. ब्रुसिओ येथे तर गाडी नऊ कमानींच्या गोल पुलावरून फिरते आणि त्याच पुलाच्या एका कमानीखालून बाहेर पडते. खिडकीतून आपल्याच गाडीचे डबे दिसतात.

आता आमची चूक सांगतो. या मार्गावर बेर्निना एक्स्प्रेस नावाची गाडी धावते. तिचे डबे छतापर्यंत काचेचे असतात आणि आसन आरक्षित करावेच लागते, त्याचे पैसे तिकिटाव्यतिरिक्त. आम्ही दोन महिने आधी पुण्यात बसून, हौसेने, त्या गाडीत खिडकीच्या दोन जागा घेतल्या. तो दिवस उजाडला तो ढग घेऊनच. चार तास आम्ही पांढऱ्या भिंतीकडे पाहत बसलो. आमच्या सौ. शेवटी म्हणाल्या, "अहो, आपल्या लोणावळ्याला पावसाळ्यात हेच फुकट दिसतं की!" मला हसूही येईना. निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशातून केलेला प्रवास होता तो.

परतताना लक्षात आले की त्याच रुळांवरून दर तासाच्या सुमारास साधी गाडीही जाते. तोच पूल, तोच घाट, तीच हिमनदी. आरक्षण लागत नाही. जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे छायाचित्रात काचेचे प्रतिबिंब येत नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोणत्या दिवशी जायचे हे आदल्या संध्याकाळी हवा पाहून ठरवता येते. डोंगरात आरक्षण आपल्याला तारखेशी बांधून टाकते. दहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, साध्या गाडीने, आणि आभाळ स्वच्छ होते.

म्हणून आखणीची पहिली पायरी हवामान. स्वित्झर्लंडच्या सरकारी हवामान खात्याचा अंदाज रोज पाहावा. शिवाय तिथल्या डोंगरांवर कॅमेरे बसवलेले असतात आणि त्यांचे चालू चित्र संगणकावर किंवा मोबाईलवर दिसते. बेर्निनाच्या माथ्यावर दोन हवा भेटतात. उत्तरेला ढग आणि दक्षिणेला ऊन असे पुष्कळदा होते. तेव्हा दोन्ही बाजू पाहाव्यात.

दुसरी पायरी परतीची गाडी. आधी परतीची वेळ लिहून काढावी आणि मग जाण्याची ठरवावी. कूरहून सेंट मॉरिट्झला सुमारे दोन तास लागतात. तिथे गाडी बदलून तिरानोला आणखी अडीच तासांच्या आसपास. सकाळी आठला निघालात, वाटेत तासभर उतरलात, तर दीड-दोनला तिरानो. तीनच्या सुमारास परत फिरलात की साडेसातपर्यंत कूर. झुरिकला मुक्काम असेल तर दोन्ही वेळचा सव्वा-सव्वा तास वाढतो. साठीच्या पुढच्या माणसांना हे जड जाते. त्यांनी एक रात्र कूरला काढावी, किंवा माथ्यापर्यंतच जाऊन परत यावे. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो. हिवाळ्यात परतीचा निम्मा प्रवास काळोखात होईल हे धरून चालावे. रुळांच्या दुरुस्तीसाठी कधीकधी एखाद्या टप्प्यावर गाडीऐवजी बस असते. वेळापत्रकात तशी सूचना असते, तीही वाचावी.

तिसरी पायरी तिकीट. परदेशी प्रवाशांसाठीचा स्विस ट्रॅव्हल पास तिरानोपर्यंत चालतो, पण तो किमान तीन दिवसांचा असतो. एकाच दिवसाच्या सहलीसाठी तो घेणे परवडत नाही. महिनाभर राहणाऱ्याने निम्म्या भाड्याचे कार्ड घ्यावे. तिरानो इटलीत आहे, म्हणून मूळ पारपत्र जवळ हवेच. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो. वेगळा व्हिसा लागत नाही. खर्चाला मात्र अलीकडे फ्रँक आणि पलीकडे युरो.

आता बसायचे कुठे? जाताना गाडीच्या उजव्या बाजूला. तूसिसनंतर लांडवासरचा पूल येतो. ६५ मीटर उंच, सहा कमानींचा, वळणावरचा, आणि तो संपतो तो थेट कड्यातल्या बोगद्यात. सेंट मॉरिट्झच्या पुढे मोर्टेराचची हिमनदी उजवीकडेच दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती जवळपास तीन किलोमीटर मागे हटली आहे. स्थानकापासून तिच्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर, कोणत्या साली बर्फ कुठपर्यंत होते, त्याच्या पाट्या लावल्या आहेत. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी थोडे चालून यावे. आमच्या नातवाला तिथे काय दिसेल, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात त्या पाट्यांपाशी आला.

माथ्यावर लागो बिआन्को नावाचा तलाव लागतो. त्याच्या एका बाजूचे पाणी डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जाते आणि दुसऱ्या बाजूचे पो नदीतून एड्रियाटिक समुद्राला. पुढचे स्थानक आल्प ग्रुम. उतरायचे असेल तर इथे. समोर पालू हिमनदी आणि खाली पोस्कियावोची दरी. कॉफी प्यावी, पुढची गाडी धरावी. फक्त एक ध्यानात ठेवा, इथे मोटाररस्ता येत नाही. शेवटची गाडी चुकवून चालणार नाही. काही छोट्या स्थानकांवर गाडी मागणी असेल तरच थांबते. त्यासाठी डब्यातले किंवा फलाटावरचे बटन दाबावे लागते. आम्ही एकदा हात जोडून बसलो आणि स्थानक मागे गेले!

आल्प ग्रुमनंतर उतार सुरू होतो. अंगावरचे स्वेटर एकेक करून उतरतात. तिरानोत शिरताना गाडी ट्रामसारखी भर रस्त्यातून, मोठ्या चर्चसमोरच्या चौकातून जाते. शाकाहारी मंडळींनी इथे पित्सोकेरी मागवावे. उत्तरेत उपवासाला जे कुट्टूचे पीठ वापरतात, त्याच पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, लोणी आणि चीज. पोटभरीचे असते. गावात दोन स्थानके शेजारी शेजारी आहेत. एक इटलीच्या गाड्यांचे आणि एक आपल्या गाडीचे. जेवायला जाण्यापूर्वी आपले कोणते ते पाहून ठेवावे.

जवळ काय असावे? जुलैतही एक गरम कपडा, पाण्याची बाटली, नेहमीची औषधे आणि कागदावर लिहिलेले गाड्यांचे वेळापत्रक. मोबाईल बंद पडतो, कागद बंद पडत नाही. हृदयाचा त्रास असलेल्यांनी उंचीबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

त्या दुसऱ्या खेपेला संध्याकाळी मुलगी स्थानकावर घ्यायला आली. "आई, भीती नाही वाटली?" तिने विचारले. सौ. म्हणाल्या, "कसली भीती? एक गाडी चुकली, तर तासाने दुसरी होती." पुढच्या आठवड्यात कुठे जायचे, ते त्यांनी गाडीतच ठरवले होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)