घरातला बार की घरातले ग्रंथालय?

गेल्या महिन्यात आम्ही एका मित्राच्या नव्या घराच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मित्र आमच्याच वस्तीतला. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत वाढलेला, नगरपालिकेच्या दिव्याखाली अभ्यास केलेला. आज तो चांगल्या पदावर अधिकारी आहे. नवी मुंबईत त्याने मोठा फ्लॅट घेतला. भन्तेजी आले, परित्राणपाठ झाला. आम्ही सर्वांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटले. मद्यापासून अलिप्त राहण्याचे पाचवे शीलही खणखणीत आवाजात म्हटले. भन्तेजी भोजनदान घेऊन गेले आणि मित्राने आम्हाला घर दाखवायला नेले.

हॉलच्या एका भिंतीवर तथागतांची सुंदर मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर. समोरच्या कोपऱ्यात मात्र बार! प्लायवूडवर सागवानी रंगाचा सनमायका, वर काळा ग्रॅनाइट, मागे आरसा, उलटे टांगलेले ग्लास, खाली छोटा फ्रीज आणि पुढे तीन उंच स्टूल. मित्राची दहा वर्षांची मुलगी धावत आली. "काका, याचे लाइट रिमोटने बदलतात," असे म्हणत तिने लाल, निळे, हिरवे दिवे लावून दाखवले. त्या दिव्यांत बाटल्या चमकू लागल्या. पाहुण्यांनी कौतुक केले.

मित्राचे वडील बाल्कनीत एकटेच बसले होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "आमच्या आईनं ह्या बाटलीपायी लई मार खाल्ला. शेवटी तिनंच ती घराबाहेर काढली. आन् ह्यानं तिला लायटी लावून घरात बसवली."

आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. दुसऱ्याच्या घरी जेवून त्याच्या घराला नावे ठेवणे बरे नव्हे. परंतु हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही. नोकरी लागली, फ्लॅट झाला, गाडी आली की त्या यादीत आता बारही येऊ लागला आहे. म्हणून आज लिहितो आहोत.

या विषयावर बोलू लागलो की आपले सुशिक्षित बांधव लगेच म्हणतात, "पैसा आमचा, घर आमचे. साहेबलोकांच्या घरी बार चालतो, मग आमच्याच घरी का नको? आम्ही काय खावे, काय प्यावे हे दुसऱ्यांनी का सांगावे?" हा सवाल आम्ही उडवून लावणार नाही. आपण काय खावे, काय ल्यावे, कुठले पाणी प्यावे हे या देशात हजारो वर्षे दुसऱ्यांनीच ठरवले. तेव्हा हुकूम करणाऱ्याची चीड येणे स्वाभाविक आहे.

परंतु येथे हुकूम कोणाचा आहे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती 'मी' या शब्दाने सुरू होते. ती सरकारने लादलेली नाही, कुठल्या पुरोहिताने सांगितलेली नाही. स्वतंत्र माणसाने स्वतःला दिलेला तो शब्द आहे. कायदा मोडला तर पोलीस येतो. प्रतिज्ञा मोडली तर कोणीच येत नाही. म्हणूनच ती पाळणे अवघड आणि म्हणूनच ती मोलाची.

बाबासाहेब सरकारी दारूबंदीचे भाबडे समर्थक नव्हते, हेही आपल्या लोकांना ठाऊक असले पाहिजे. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदीच्या धोरणावर कडाडून टीका आहे. एक कारण बुडणाऱ्या महसुलाचे होते. दुसरे कारण प्रत्येक आंबेडकरी कुटुंबाने नीट समजून घ्यावे असे आहे. पूर्वी दारू दुकानात मिळे आणि पुरुष तिथे जाऊन पीत. बंदीमुळे दारू गाळण्याचा धंदा घराघरांत शिरला आणि बायका-मुलेही पिऊ लागली, असे त्या जाहीरनाम्याचे म्हणणे होते. म्हणजे दारूपेक्षाही दारूचे घरात येणे अधिक घातक, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. त्या काळी ती हातभट्टीच्या मडक्यातून आली. आज ती इंटिरियर डेकोरेटरच्या नकाशातून येते आहे. वाट निराळी, उंबरठा तोच.

घरातला बार आणि बाहेरचा बार यांत फरक काय, असे कोणी विचारील. बाहेर ३० किंवा ६० मिलीचे माप असते, घरी मनगट हेच माप. बाहेर बिल येते, घरी ते दिसत नाही. बाहेरचा बार रात्री बंद होतो, घरातल्या बारला शटर नाही. बाहेर मुलांना प्रवेश नाही, घरी मुलेच बर्फ आणून देतात. महाराष्ट्रात दारू बाळगायला व प्यायला परवाना लागतो, कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या हाती बारचा रिमोट देणाऱ्या किती बापांना हे आठवते? तिला दारू म्हणजे वाईट असे शाळेत शिकवतात आणि घरी ती शोभेची वस्तू म्हणून दाखवतात. तिने कोणावर विश्वास ठेवावा?

"थोडी घेतली तर चालते" हे पालुपदही आता टिकत नाही. दारूमुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले. जानेवारी २०२३ मध्ये या संघटनेने स्पष्ट केले की आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. तथागतांनी तर सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला दारूचे सहा तोटे मोजून सांगितले होते. धन जाते, भांडणे वाढतात, रोग जडतात, अब्रू जाते, लाज सुटते आणि बुद्धी क्षीण होते. हा उपदेश भिक्षूंना नव्हता. घर-संसार करणाऱ्या माणसाला होता.

बुद्धी क्षीण होणे हे आपल्याला सर्वांत महाग पडणारे आहे. ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्यांची जमीन आहे, पेढ्या आहेत, त्यांची एक पिढी दारूत बुडाली तरी दुसरी तरते. आपल्याकडे बुद्धीखेरीज दुसरे भांडवल कोणते? आपली पहिली पिढी शिकली, दुसरी नोकरीला लागली. तिसरीच्या हाती आपण काय देणार आहोत?

आणि ज्या वस्तीतून आपण आलो ती अजून तिथेच आहे. विक्रोळीत २००४ मध्ये आणि मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत तर शंभरावर मेली. ती हातावर पोट असलेली माणसे होती. त्यांची दारू प्लास्टिकच्या पिशवीतली, आपली रंगीत दिव्यांतली. पण वस्तीतला तरुण शिकलेल्या माणसाकडे बघून शिकतो. साहेबाच्या घरी बार असेल, तर 'व्यसन सोडा' असे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, आणि मुलांना शाळेत पाठवा. आपल्या आज्यांनी ते ऐकले. अंगावर धड लुगडे नसलेल्या त्या बायांनी वस्तीतल्या भट्ट्या फोडल्या, पैसा पैसा वाचवून पोरे शाळेत घातली. आपला फ्लॅट त्या वाचलेल्या पैशावर उभा आहे. त्यातलाच एक कोपरा आपण बाटलीला द्यावा काय?

बाबासाहेबांनीही घर बांधले होते. दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह. त्या घराचा नकाशाच ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून घर बांधणारा हा महामानव आपला बाप आहे. घराच्या दर्शनी भागात माणूस काय ठेवतो, यावरून त्याला कशाचा अभिमान आहे ते कळते.

आमचे सांगणे फार मोठे नाही. बार बांधला असेल तर तो तोडायचीही गरज नाही. तेच प्लायवूड, तेच फळकुट, तेच दिवे राहू द्या. फक्त बाटल्या काढा आणि तिथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ठेवा, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड ठेवा, मुलांच्या स्पर्धा परीक्षांची पुस्तके ठेवा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर वही छान मावते आणि उंच स्टुलावर बसून अभ्यासही होतो. रिमोट त्या मुलीच्याच हाती राहू द्या. पुढच्या वेळी पाहुणे आले की तिला पुस्तकांवर दिवे लावून दाखवू द्या. बाल्कनीत बसलेले आजोबा तेव्हा नक्की आत येतील.

जय भीम!