मेरुवेधोत्तर डोकेदुखी

कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात बधिरता आणणारे औषध सोडल्यानंतर (मेरु-संवेदनाहरण) काही रुग्णांना, बहुधा एक ते तीन दिवसांत, जी डोकेदुखी जडते तिला ही संज्ञा देतात. अंतर्गळ, मूळव्याध यांसारख्या लहान शस्त्रक्रिया पुष्कळदा या पद्धतीने केल्या जातात. शस्त्रक्रिया कमरेखाली आणि वेदना डोक्यात, तीही अनेकदा घरी परतल्यावर. त्यामुळे दोहोंचा संबंध रुग्णाच्या लक्षात येत नाही व तो जागरण किंवा पित्त यांना दोष देतो.

उठून बसल्यावर अथवा उभे राहिल्यावर थोड्याच वेळात कपाळात व मानेच्या मागे तीव्र वेदना सुरू होणे आणि आडवे होताच ती ओसरणे, ही या विकाराची मुख्य खूण होय. मान ताठरणे, मळमळ, कानांत आवाज होणे, प्रकाश असह्य होणे ही लक्षणेही आढळतात. क्वचित एकच वस्तू दोन दिसते.

सुईने दृढतानिकेला (मेंदू व मेरुरज्जू यांच्या बाह्य आवरणाला) पडलेले छिद्र लगेच न बुजल्यास त्यातून मस्तिष्क-मेरुद्रव पाझरतो. प्रौढात हा द्रव एका वेळी सु. १५० मिलि. असतो. त्याचा दाब घटला की उभ्या स्थितीत मेंदू किंचित खाली सरकतो व वेदनाक्षम आवरणे आणि नीला ताणल्या जातात. जर्मन शस्त्रक्रियाविशारद आउगुस्ट बीर यांनी १८९८ मध्ये कील येथे ही पद्धत स्वतःवर करवून घेतली. तीत बराच द्रव वाया गेला आणि पुढे नऊ दिवस त्यांना ही डोकेदुखी भोगावी लागली. निजल्यावर ती थांबते, हेही त्यांनी नोंदविले.

तरुण स्त्रियांत, विशेषतः गर्भिणींत, हा विकार अधिक आढळतो. बारीक व पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुया वापरल्याने त्याचे प्रमाण पुष्कळच घटले आहे. शस्त्रक्रियेनंतर चोवीस तास उशीविना सपाट निजल्यास तो टळतो, हा रूढ समज मात्र निराधार ठरला आहे. निजल्याने वेदना थांबते, छिद्र बुजत नाही.

बहुतेक रुग्णांत दोन आठवड्यांच्या आत आपोआप आराम पडतो. तोवर विश्रांती, पुरेसे पाणी, पॅरासिटामॉल आणि काहींना चहा-कॉफीतील कॅफीन यांचा उपयोग होतो. वेदना दुःसह असल्यास रुग्णाचेच सु. २० मिलि. रक्त दृढतानिकेच्या बाहेरील पोकळीत सोडतात. ते गोठून छिद्र बुजते. हा उपाय जेम्स गॉर्म्ली यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला. घराजवळच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णाने पाठीत इंजेक्शन दिले होते हे आवर्जून सांगावे, अन्यथा निदान चुकण्याचा संभव असतो.

ताप, झटके, गुंगी, हातापायांतील दुर्बलता अथवा निजूनही न थांबणारी वेदना यांपैकी काहीही आढळल्यास मस्तिष्कावरणशोथ, मेंदूभोवतीचा रक्तस्राव किंवा मेंदूच्या नीलांत रक्ताची गुठळी यांची शंका घेऊन रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.