वैशाखातली शिदोरी: तंजावरच्या परसात गवतं आणि बहुवर्षायू फुलझाडं (लेखमाला ‘परसातली बाग’, भाग ६)

मराठी मुलखातलं बागेचं पंचांग तंजावरात चालत नाही. आपल्याकडे मृगाची पहिली सर आली की रोपं लावायला हात शिवशिवतात. तंजावरात जूनमध्ये आभाळ हात राखूनच देतं. त्या महिन्यात पाणी येतं ते कालव्यांतून. मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडायचा प्रघात आहे, अर्थात धरणात साठा असेल तर. भरवशाचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडून येतो, आणि वादळ घेऊन आला तर नोव्हेंबर २०१८ मधल्या ‘गाजा’सारखा पट्टुकोट्टैकडचे माडांचे मळेच्या मळे आडवे करून जातो. मग लांब कोरडा काळ, आणि त्याच्या टोकाला एप्रिल-मे.

गेल्या पाच भागांत आपण सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या परसबागा पाहिल्या. या वेळी तंजावर निवडलं, कारण व्यंकोजीराजांपासून पुढं पावणेदोनशे वर्षं भोसल्यांचं राज्य तिथं होतं आणि मराठी बोलणारी घरं आजही आहेत. दुसरं कारण सरफोजीराजे (दुसरे). १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द. १७९९ च्या तहानं राज्यकारभार कंपनीकडे गेला, राजांच्या हाती उरला तो किल्ला आणि त्याचा परिसर. पण त्या मोकळ्या झालेल्या वेळात त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, धन्वंतरी महालात औषधींचा अभ्यास चालवला आणि चित्रकारांकडून झाडं, पक्षी, प्राणी कागदावर काढून घेतले. त्यातली काही चित्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. झाडाकडे नीट पाहायची ही वृत्ती आपल्याला आज हवी आहे, आणि औषधी वनस्पतींबद्दलची त्यांची ओढही. अडुळसा, तुळस, तरवड, वाळा, रुई ही परसात पिढ्यान् पिढ्या औषधाला म्हणून राखलेली झाडं मधमाश्या, भुंगे आणि फुलपाखरांच्याही कामाची आहेत.

इंग्लंडातल्या खेड्यांत घरापुढं भाजी, औषधी झाडं आणि फुलं एकत्र, दाटीनं लावायची चाल होती. तिलाच कॉटेज गार्डन म्हणतात. आपलं परस याहून फार वेगळं नव्हतं, तमिळ घरांतलं मागचं ‘कोल्लै’ही नाही. अलीकडे या बागेत गवतं आली, ती मुख्यतः पीट आउडॉल्फ या डच उद्यानकाराच्या प्रभावानं. न्यूयॉर्कमध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ साली खुली झालेली हाय लाइन ही बाग त्याच्या लागवडीमुळे जगभर माहीत झाली. फुलून गेलेलं झाड तो लगेच कापत नाही. वाळलेले दांडे, बोंडं, गवताचे तुरे हिवाळाभर उभे ठेवतो. तंजावरकरांनी त्याच्याकडून घ्यायची ती एवढीच गोष्ट, फक्त हिवाळ्याच्या जागी उन्हाळा धरून. त्याच्या रोपांच्या याद्या मात्र सोडून द्याव्या. त्यातली बहुतेक झाडं थंडीत झोपणारी आहेत आणि कावेरीकाठी ती झोपही मिळणार नाही, जागही येणार नाही.

आता मुद्द्याचं. तंजावर म्हणजे भात: कुरुवै, सांबा, ताळडी अशा हंगामांत वाटलेला. भाताचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, त्याला माशीची गरज नाही आणि त्यात मधही नाही. माश्या भाताचा पराग थोडाफार नेतात, पण नजर पोचेल तिथवर हिरव्या शिवारात पोटभर मध कुठंच मिळत नाही. जानेवारीच्या सुमारास सांबा कापायच्या आधी, ओल असतानाच, उभ्या भातात उडीद नाहीतर मूग फेकून पेरतात. ती फुलं आणि कुठंकुठं तीळ, यांवर फेब्रुवारी-मार्च निभतो. त्याच सुमारास रस्त्याकडेचा कडुलिंब आणि करंज मोहरतात. गुढीपाडव्याला आपण कडुलिंब खातो आणि तमिळ नववर्षाला त्याच्या फुलांची पच्चडी होते, तेव्हा त्या झाडाखाली उभं राहून ऐका, सगळं झाड गुणगुणत असतं. मेच्या सुरुवातीला हेही संपतं. शेतं उघडी, बांध वाळलेले. पुढचे सहा-आठ आठवडे उपासाचे. अशा टंचाईत सातेरी माशीची राणी अंडी घालणं कमी करते आणि टंचाई फार झाली तर सगळी वसाहत मोहोळ सोडून उठून जाते. तंजावरातल्या बागेची परीक्षा म्हणून वैशाखात घ्यावी. पोंगलला कुठलीही बाग छान दिसते.

त्या दिवसांत न शिंपता उभी राहणारी दोन झाडं आधी लावा. पहिलं तरवड, तमिळमध्ये आवारम्. त्याच्या पिवळ्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही सहज मिळत नाही. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. मोठा काळा भुंगा किंवा पोटावर निळे पट्टे असलेली माशी फुलाला बिलगते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि त्या कंपनानं पराग पिठासारखा बाहेर उडतो. वांगं आणि टोमॅटोच्या फुलांची रचना अशीच आहे. सातेरीला हे कसब येत नाही. ज्यांच्या परसात वांगी आहेत त्यांनी शेजारी तरवड लावला तर या थरथरवणाऱ्या माश्या वर्षभर आसपास राहतात, आणि वांग्याला फळ चांगलं धरतं. दुसरं झाड रुई, म्हणजे एरुक्कु. लोक तिला रानटी समजून उपटतात. पण ती बारमाही फुलते, तिचा मध काळ्या भुंग्याला लागतो, आणि केशरी पंखांना काळी किनार असलेलं कडवं फुलपाखरू तिच्या पानावर अंडी घालतं. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, म्हणून ती वाटेपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात असावी.

यांच्या पुढं अडुळसा आणि पिवळी कोरांटी, पावसानंतरच्या सौम्य दिवसांसाठी. मग अबोली. ती इथलीच, दक्षिणेतली. तिची नळी लांब आणि बारीक, म्हणून ती फुलपाखरांसाठी. सदाफुली मादागास्करची असली तरी मेमध्ये फुलते म्हणून ठेवा. कडेला तुळस, सब्जा, मरवा. तंजावरचा कदंब, म्हणजे अनेक फुलं आणि सुगंधी पानं गुंफलेला गजरा, प्रसिद्ध आहे, आणि अबोली नि मरवा परसातून त्यासाठीही खुडता येतील. मात्र तुळशीच्या, मरव्याच्या सगळ्या मंजिऱ्या खुडायची सवय सोडावी. झाड डेरेदार राहावं म्हणून निम्म्या खुडा, निम्म्या फुलू द्या. एका फुललेल्या सब्ज्यावर सकाळी सातेरी, फुलोरी आणि इवलीशी पोयाची माशी एकाच वेळी दिसतात. याउलट भरगच्च पाकळ्यांचा मोगरा आणि गोंडेदार झेंडू देवाला, केसांना जरूर लावा, पण माश्यांसाठी म्हणून त्यांच्यावर जागा खर्चू नका. मोगऱ्याच्या अशा फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात.

या झाडांच्या जोडीला खुळखुळाही लावा. त्याच्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण त्यामागची गोष्ट मोठी आहे. दक्षिण भारतातली कडव्या कुळातली फुलपाखरं मोसमी पावसाबरोबर प्रवास करतात. नैऋत्य पावसाआधी पश्चिम घाटातून पूर्वेच्या मैदानाकडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास परत घाटाकडे. डॉ. कृष्णमेघ कुंटे यांनी या स्थलांतरावर २००५ मध्ये लिहिलं आहे. या फुलपाखरांच्या नरांना मादीला आकर्षून घेणारा गंध बनवायला काही कडू अल्कलॉइडं लागतात, आणि ती खुळखुळ्याच्या जखमी, वाळत्या पानांतून, शेंगांतून ते सोंडेनं शोषतात. म्हणून परसात खुळखुळ्याची चार झाडं असली, तर प्रवासातली फुलपाखरं तिथं थांबतात. वाळलेलं झाडही उपटू नये, कारण त्यांना तेच अधिक आवडतं.

गवतं वाऱ्यावर परागण करतात, मग माश्यांच्या बागेत त्यांचं काय काम, असं कुणी विचारेल. काही फुलपाखरांच्या अळ्या गवतावरच वाढतात. संध्याकाळी दिव्याशी येणारं, वाळक्या पानासारखं तपकिरी फुलपाखरू त्यांतलंच. त्याच्या अळ्या भातावरही दिसतात. शिवाय गवताचं बेट वारा अडवतं आणि रात्री बसायला जागा देतं. तंजावरसाठी सर्वांत उत्तम गवत वाळा. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, त्यामुळे तो पाणी साचलं तरी तगतो आणि मेमध्ये पाण्याविनाही तगतो. लागवडीतला वाळा बियांनी पसरत नाही, कोंब फोडून लावावा लागतो, म्हणून तो बाग गिळत नाही. न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं त्याचं एक बेट, त्यापुढं गवती चहा, वाफ्याच्या कडेला दूर्वा. शोभेचं म्हणून विकलं जाणारं फाउंटन ग्रास मात्र टाळा. उष्ण प्रदेशांत ते वाऱ्यावर बी उधळून शेताबांधावर पसरतं.

लागवड आडी महिन्यात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आडीपेरुक्कुच्या सणाला कावेरी भरलेली असते. तेव्हा लावलेल्या रोपाला मोठ्या पावसाआधी दोन महिने मिळतात. गाळाच्या चिकण जमिनीत वाफा अर्धा फूट उंच करा, नाहीतर नोव्हेंबरमध्ये तुळस, अबोली कुजतात. वल्लमकडच्या तांबड्या जमिनीत याची गरज नाही. एकेक रोप सुटं लावण्यापेक्षा एकाच जातीचा पाच-सात रोपांचा पुंजका करा. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, पुंजका असला की तिचं उडणं वाचतं. रोपं विकत घेण्यापेक्षा शेजाऱ्यांकडून फांद्या, बिया, वाळ्याचे कोंब मागून आणा. रोपवाटिकांत इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशकं वापरली असतील, तर ती मधात आणि परागात उतरतात. विकत घ्यायचंच तर हे विचारून घ्या.

आणि थोडी जमीन उघडी राहू द्या. हल्ली परसाला सिमेंटचा कोबा घालायची घाई असते. निळ्या पट्ट्यांची ती माशी एकेकटी राहते आणि मोकळ्या मातीत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत बीळ करते. हात-दोन हात उघडी, न खणलेली, सकाळचं ऊन मिळणारी जागा तिला पुरते. काळा भुंगा वाळलेल्या बांबूत किंवा जुन्या लाकडात घर करतो, बारक्या माश्या पोकळ दांड्यांत. म्हणून कोरांटी, सब्जा यांचे वाळलेले दांडे मार्चमध्ये झाडून काढू नका. आडीच्या नव्या लागवडीआधी कापा, तेही फूटभर बुडखे ठेवून. कापलेले दांडे जाळू नयेत. आतली पिल्लं बाहेर पडेपर्यंत ते कुंपणाला उभे टेकवून ठेवावेत.

ज्यांना फुलपाखरांची बाग प्रत्यक्ष पाहायची आहे त्यांनी तिरुचिरापल्लीला जावं. श्रीरंगमजवळ, कावेरी आणि कोळ्ळिडम या नद्यांच्या मधल्या भागात, २०१५ साली वनखात्यानं २५ एकरांवर फुलपाखरांचं उद्यान उभं केलं. तंजावरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे. तिथं फुलांइतकंच लक्ष कुरतडलेल्या पानांकडे द्या, म्हणजे घरच्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर अळ्या दिसल्या की फवारणीचा पंप काढावासा वाटणार नाही. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात, आणि दोनेक आठवड्यांत पानं खाणं संपवून कोषात जातात. कढीपत्ता पुन्हा फुटतो.

पुढच्या भागात भाताच्या बांधावरची फुलझाडं: तीळ, चवळी, ताग आणि त्यांच्यावर येणारे शेतकऱ्याचे मित्रकीटक.